त्सावोचे सिंह आणि पायातली पिसू



आजच्या व्याख्यानाचा आरंभ एका घरगुती प्रसंगाने करण्याची मुभा आपण मला द्यावी. काही महिन्यांपूर्वी आमच्या आळीतील एक बाई तिन्हीसांजेला घरी आल्या. त्यांच्या मुलाला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली होती. घरात पेढे वाटून झाले होते, तिकीटही निघाले होते. पण बाईंच्या तोंडावर आनंदापेक्षा काळजीच अधिक दिसत होती. त्या म्हणाल्या, "मास्तर, तिकडे म्हणे घरात विषारी कोळी निघतात. साप तर म्हणे अंगणात असतात. पोराला एकट्याला पाठवायचा म्हणजे जीव थाऱ्यावर राहत नाही."

बाईंचे माहेर महाडच्या बाजूचे. मी सहज विचारले, "तुमच्या माहेरी साप-विंचू नाहीत का?" त्या पटकन म्हणाल्या, "आहेत की! पण ते आपल्या माहितीचे."

या उत्तराला मी त्या वेळी हसलो. पण ते मनातून जाईना. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोन-तीनच्या घरात असतो. ज्या सिडनीकडील कोळ्याच्या नावाने जगभर भय वाटते, त्याच्या विषावरचा उतारा १९८१ साली निघाला, आणि तेव्हापासून त्या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची खात्रीलायक नोंद नाही. म्हणजे हिशेबच मांडावयाचा, तर ऑस्ट्रेलियातल्या आईने मुलाला हिंदुस्थानात पाठवताना अधिक काळजी करावी! पण आईची काळजी हिशेबाने चालत नाही. जे माहितीचे, त्याची सवय होते. जे ऐकिवातले, ते रात्री अंथरुणावर मोठे होते.

परदेशी निघालेल्या माणसाला हे भय पूर्वीपासून लागलेले आहे. तेव्हा मला असे वाटले की, या भयाचा इतिहास एकदा तपासावा. माणसे दूरदेशी निघाली तेव्हा कशाला भ्याली, आणि तेथे गेल्यावर प्रत्यक्षात त्यांचा घात कोणी केला, हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडून पाहावे. त्यासाठी आपल्याच देशातील माणसांचे एक उदाहरण मी निवडले आहे. ते म्हणजे पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वे.

१८९६ साली इंग्रज सरकारने मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधावयास घेतला. लांबी ५८२ मैल. वाटेत प्रथम तारूचे निर्जळ काटवन, पुढे रान, मग डोंगर आणि दऱ्या. एवढ्या कामाला लागणारे मजूर त्या प्रदेशात मिळणे कठीण, म्हणून ते हिंदुस्थानातून नेण्याचे ठरले. बहुतेक मजूर पंजाबातले होते आणि त्यांच्या आगबोटी प्रामुख्याने कराचीहून सुटत. भरतीच्या कामात कराचीचे व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी हे पुढे होते. करार तीन वर्षांचा; पगार महिना पंधरा रुपये, वर शिधा आणि परतीचे भाडे. काम संपेपर्यंत असे ३१,९८३ मजूर समुद्रापार गेले. घरच्या माणसांनी त्यांना निरोप देताना काय सांगितले असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. आफ्रिका म्हटली की सिंह, हे त्या काळच्या माणसालाही ठाऊक होते.

आणि सिंह खरोखरच आले. मोंबासापासून सुमारे १३० मैलांवर त्सावो नावाची नदी आहे. तिच्यावर पूल बांधण्यासाठी १८९८ च्या मार्चमध्ये पॅटरसन नावाचा इंग्रज अधिकारी तेथे पोचला. तो पूर्वी हिंदुस्थानात राहिलेला असून त्याला हिंदुस्थानी बोलता येत असे. तो आल्यावर थोड्याच दिवसांत मजुरांच्या तंबूंतून माणसे नाहीशी होऊ लागली. दोन सिंह, दोघांनाही आयाळ नाही, रात्री काटेरी कुंपण ओलांडून येत आणि झोपलेल्या माणसाला ओढून नेत. कुंपणे उंच केली, शेकोट्या पेटवल्या, डबे बडवले; काही उपयोग झाला नाही. हे सिंह नव्हेतच, लोहमार्गामुळे रागावलेल्या कोणा सरदारांची भुते आहेत, असे मजूर बोलू लागले. शेवटी डिसेंबरच्या आरंभी शेकडो मजूर धावत्या मालगाडीपुढे रुळांवर आडवे झाले, गाडी थांबली तशी तीत चढले आणि किनाऱ्याकडे निघून गेले. पुलाचे काम सुमारे तीन आठवडे बंद पडले. ९ डिसेंबर रोजी पॅटरसनने पहिला सिंह मारला आणि २९ डिसेंबरला दुसरा. राहिलेल्या मजुरांनी त्याला चांदीचे पात्र नजर केले.

ही हकीकत पॅटरसनने १९०७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ती जगभर वाचली गेली. दोन्ही सिंहांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने विकत घेतली. पेंढा भरलेले ते सिंह तेथे प्रेक्षकांसाठी मांडले गेले. १९९६ साली या प्रसंगावर एक इंग्रजी चित्रपटही निघाला. सिंहांनी किती माणसे मारली, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पॅटरसनने पुस्तकात हिंदी मजुरांचा आकडा २८ दिला, आणि आफ्रिकन माणसांची मोजदादच ठेवली गेली नाही असे म्हटले. पुढे एकदा तो १३५ वर गेला. २००९ साली शास्त्रज्ञांनी सिंहांच्या केसांची व हाडांची रासायनिक तपासणी करून सुमारे ३५ माणसे खाल्ली असावीत असा अंदाज बांधला.

आता, श्रोतेहो, याच लोहमार्गाच्या खतावणीतले दुसरे पान उघडू. या कामावर मरण पावलेल्या हिंदी मजुरांची सरकारी नोंद २,४९३ आहे. आजारी वा जायबंदी होऊन कामातून बाद झाले, मायदेशी पाठवावे लागले, त्यांची संख्या ६,४५४. म्हणजे गेलेल्या दर चार माणसांत एकाहून अधिक माणूस मेला किंवा शरीराने खचला. पॅटरसनचा २८ हा आकडा घेतला, तर दर नव्वद मृत्यूंमागे जेमतेम एक सिंहाच्या वाट्याला येतो. बाकीच्या एकोणनव्वदांचे काय? काही अपघातांत गेले, दरडी आणि सुरुंग यांनी गेले. पण फार मोठा वाटा रोगांचा होता: हिवताप, अतिसार, फुप्फुसांचे विकार आणि पायांची चिघळलेली क्षते. त्या एकोणनव्वदांवर कोणी चित्रपट काढला नाही.

पायाच्या क्षतांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. जिगर नावाची एक पिसू असते. आकाराने वाळूच्या कणाएवढी. तिची मादी माणसाच्या पायाच्या बोटांत, नखाखाली किंवा टाचेत शिरते आणि कातडीखाली घर करून अंडी धरते. आठवडाभरात ती वाटाण्याएवढी फुगते. आधी कंड सुटते, मग ठणका लागतो, जखम चिघळते, आणि हयगय झाली तर बोट गमवावे लागते. ही पिसू मूळची आफ्रिकेची नव्हेच. ती दक्षिण अमेरिकेची. १८७२ साली ब्राझीलहून आलेल्या एका जहाजातील वाळूच्या भरावाबरोबर ती अंगोलाच्या किनाऱ्यावर उतरली, आणि व्यापारी तांड्यांच्या व हमालांच्या पायांतून पंचवीस वर्षांच्या आत आफ्रिका खंड आडवे ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोचली. म्हणजे पंजाबचा मजूर पूर्वेकडून मोंबासाला उतरत होता, त्याच सुमारास ही पिसू पश्चिमेकडून तेथे येऊन ठेपत होती. तिच्याविषयी त्याला घरी कोणी सावध करणे शक्यच नव्हते.

आणि तिच्यावरचा उपाय किती साधा होता! त्या मुलखातील माणसे रोज सायंकाळी पाय तपासत आणि आत शिरलेली पिसू सुईने किंवा काट्याने, तिची अंड्यांची पिशवी फुटू न देता, हलकेच अख्खी बाहेर काढत. पिशवी आत फुटली की जखम चिघळलीच. पायांत धड बूट असते तर निम्मे काम झाले असते. पण पंधरा रुपये पगारावर अनवाणी खडी फोडणाऱ्याला बूट कोठला, आणि रोज सायंकाळी पाय पाहायला सांगणारा तरी कोठला? सिंहासाठी बंदुका आल्या, सापळे आले, पोलीस आले. पिसूसाठी एक सुई आणि एक अनुभवी माणूस पुरला असता. तो वेळेवर भेटला नाही. पुढे आफ्रिकेतून परतणाऱ्या माणसांच्या पायांतून ही पिसू १८९९ च्या सुमारास मुंबईपर्यंतही आली. सुदैवाने ती आपल्याकडे रुजली नाही.

हिवतापाची गोष्ट याहून विलक्षण आहे. मजुरांच्या बोटी मोंबासाला लागत होत्या, त्याच काळात, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. तोपर्यंत हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो असाच सार्वत्रिक समज होता. यास्तव त्सावोच्या तंबूत कोयनेलची गोळी घेणाऱ्या डॉक्टरलाही खरा शत्रू ठाऊक नव्हता. तो रात्री सिंहाची डरकाळी कान देऊन ऐकत असेल; कानाशी गुणगुणणाऱ्या डासाकडे त्याने त्रासिकपणे हात झटकला असेल, एवढेच. बैलगाड्यांची आणि खेचरांचीही हीच कथा. त्सेत्से माशीच्या दंशाने जनावरे शेकड्यांनी मेली, रुळांच्या पुढे असलेल्या तळांवर धान्य आणि पाणी पोचवणे कठीण झाले. ही माशीच जनावरांचा रोग पसरवते, हे डेव्हिड ब्रूस याने दक्षिणेकडे झुलूलँडात त्याआधी एक-दोन वर्षेच दाखवले होते. १९०० नंतर सरोवराकाठी माणसांतही निद्रारोगाची साथ आली आणि वीस वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे तिने नेली.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, सिंहांच्या देशात गेल्यावर असे व्हावयाचेच. तर मग ज्या देशात सिंह नाही, वाघ नाही, विषारी सापही नाही, अशा ठिकाणी गेलेल्यांचे पाहू. असा एक देश म्हणजे मॉरिशस बेट. आणि त्याच्याशी आपले नाते रक्ताचे आहे. १८३४ पासून तेथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबे पुष्कळ होती. त्यांचे वंशज तेथे आजही आपल्याला मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. या बेटावर श्वापदाचे भय नव्हते, हिवतापही नव्हता. पण १८६० नंतरच्या काही वर्षांत हिवताप वाहणारा डास जहाजांतून तेथे पोचला, आणि १८६७ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बेटाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती. चाळीस वर्षांनी, १९०७ साली, हाच रोनाल्ड रॉस तेथे उपाय सुचवण्यासाठी गेला. डबकी बुजवणे, गटारे काढणे, पाणी वाहते ठेवणे, असे ते उपाय होते. काम पुष्कळ वर्षे चालले आणि १९७३ साली मॉरिशस हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाले. निरुपद्रवी दिसणाऱ्या देशाची ही कथा आहे.

आता या भयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जाणारा जसा तिकडच्या जीवजंतूंना भितो, तसा तिकडचा माणूस येणाऱ्यालाच भितो. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी 'कुर्लँड' आणि 'नादेरी' या दोन आगबोटी दक्षिण आफ्रिकेत दरबान बंदराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. 'कुर्लँड'वर मोहनदास गांधी सहकुटुंब होते. मुंबईत प्लेग आहे या कारणाने बोटींना किनाऱ्याला लागू दिले नाही. दिवस वाढवत-वाढवत उतारूंना २३ दिवस समुद्रातच ठेवले. बोटींवर प्लेगचा रोगी नव्हता. गावातील गोऱ्यांच्या सभांतून मात्र हिंदी माणसांना परत पाठवा अशी मागणी चालली होती. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी उतरले तेव्हा जमावाने त्यांना दगड आणि लाथा मारल्या. पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीने आपली छत्री आड धरली म्हणून ते वाचले. रोगाचे भय खरे होते, हे नाकारता येणार नाही. पण त्या भयाच्या पदराखाली दुसराच एक द्वेष लपला होता, हेही तितकेच खरे.

आणि प्लेगचा खरा वाहक कोण निघाला? पुन्हा पिसूच! १८९८ च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरील पिसू प्लेग पसरवते हे प्रयोगाने दाखवले. ज्या कराचीच्या धक्क्यावरून मजूर आफ्रिकेच्या सिंहांची धास्ती घेऊन बोटीत चढत होते, त्याच शहरातले हे संशोधन. त्याच्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळ येथे झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. परळची तीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

या सर्वांवरून भय व्यर्थ आहे, असा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. त्सावोच्या मजुरांचे भय मुळीच व्यर्थ नव्हते. जी माणसे रुळांवर आडवी झाली, त्यांना भित्री म्हणणारा स्वतः त्या तंबूत एक रात्र तरी झोपलेला असावा. माझे म्हणणे एवढेच की, भय हे अर्धे ज्ञान आहे. ते आपल्याला जागे करते, पण कोठे पाहावे हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम त्या मुलखात राहिलेल्या माणसाचे आणि चिकाटीने शोध घेणाऱ्याचे. आपल्याकडील विंचवाचेच पाहा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी रुग्णालयात आणलेल्या शंभरांतली तीस-चाळीस माणसे मरत. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून एकेका रोग्याच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध येथे लागू पडते हे दाखवले, आणि पुढे ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. ही विद्या विंचवाच्या गावीच राहून मिळाली.

आणखी एक गोष्ट. माणसे परदेशी पाठवणाऱ्यावर काही जबाबदारी असते की नाही? ज्यांनी करारावर अंगठे घेतले, त्यांना मजुरांची संख्या आणि मैलांचा हिशेब चोख ठेवता आला. अनवाणी पायांना बूट, स्वच्छ पाणी आणि रोज पाय पाहणारा माणूस देणे त्यांना मुळीच अशक्य नव्हते. आजही आपल्या देशातील लाखो माणसे मजुरीसाठी समुद्रापार जातात. त्यांना तेथे कोठे झोपवतात, कोणते पाणी पाजतात, आजारी पडल्यास कोण पाहतो, हे विचारणे आपल्याला तेथल्या सापाविंचवांची चौकशी करण्याइतके रंजक वाटत नाही. पण त्या २,४९३ माणसांनी आपल्याला काही सांगून ठेवले असेल, तर ते हेच होय.

आमच्या आळीतल्या बाईंना मी शेवटी काय सांगितले, ते सांगून रजा घेतो. मी त्यांना विचारले, "माहेरी लहानपणी रात्री निजताना काय करत होता?" त्या म्हणाल्या, "करायचे काय? अंथरूण झटकून घ्यायचे. सकाळी चपला उलट्या करून आपटायच्या. आईने लावलेली सवय." मी म्हटले, "मग तीच सवय मुलाबरोबर पाठवा. बूट घालण्यापूर्वी आपटायला सांगा. तेथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याला विचारायला सांगा की, इथे कशाला जपायचे, आणि चावलेच तर कोठे जायचे. कोळ्याची भीती ठेवा थोडी. पण समुद्रात पोहायला जाताना आणि रस्त्यावर गाडी चालवताना त्याहून अधिक ठेवा."

मुलगा गेला. परवा बाई भेटल्या. मी विचारले, "काय, कोळी दिसला का?" त्या म्हणाल्या, "दिसला एकदा न्हाणीघरात. शेजारच्या आजींनी पेला उपडा घालून धरला आणि बाहेर सोडून दिला. म्हणाल्या, हा काही करत नाही, करणारा निराळा असतो. तुला दाखवीन कधी." आणि मग बाई स्वतःच म्हणाल्या, "आता ते त्याच्या माहितीचे झाले म्हणायचे."